घर पाहावे वाजवून



या व्याख्यानमालेचे चिटणीस निमंत्रण घेऊन माझ्या घरी आले, तेव्हा मी त्यांना प्रथम हेच सांगितले की, बोलणे हा माझा व्यवसाय नव्हे. सरकारी बांधकाम खात्यात मी चौतीस वर्षे नोकरी केली. त्या नोकरीत माणसांपेक्षा भिंतींशीच माझा संबंध अधिक आला. भिंतींना कान असतात असे म्हणतात, पण त्या टाळ्या वाजवीत नाहीत. त्यामुळे व्याख्यानाची सवय मला लागलीच नाही. गेल्या तीन संध्याकाळी आपण याच मांडवात संतवाङ्मयावर, राज्यघटनेवर आणि नक्षत्रांवर विद्वानांची भाषणे ऐकलीत. आज मी आपल्याला त्या नक्षत्रांवरून एकदम खाली आणून ओल, गिलावा आणि मोरीचा उतार यांच्यापाशी उभे करणार आहे. याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. मात्र न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंतातल्या व्याख्यानांची जी चाल पाडली, तिला लोकांच्या संसाराशी निगडित असा कोणताही विषय परका नाही, अशी माझी समजूत आहे. आणि संसारात घराहून निगडित दुसरे काय असणार?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलो. या म्हणीतला पहिला भाग आता बहुतेकांच्या बाबतीत खोटा ठरला आहे, हे आपल्या ध्यानात आले आहे काय? आपले आजोबा घर बांधीत. पाया खणला तेव्हा मुरूम किती हातांवर लागला हे त्यांनी स्वतः डोकावून पाहिलेले असे. दगड कोणत्या खाणीतला, चुना घाणीत किती दिवस मळला, सागाची तुळई कोणत्या वखारीतून आली, हे सारे त्यांना तोंडपाठ असे. घरात दोष राहिला तरी तो माहितीतला दोष असे. आज आपण घर बांधीत नाही, विकत घेतो. आपण तेथे पोचतो तेव्हा पाया जमिनीत गडप झालेला असतो, सळ्या काँक्रीटमध्ये बुडालेल्या असतात, काँक्रीटवर गिलावा चढलेला असतो आणि गिलाव्यावर रंग. म्हणजे ज्याच्या जोरावर घर उभे आहे त्यातले काहीच आपल्याला दिसत नाही. दिसतो तो रंग आणि खिडकीतून येणारा वारा. त्या वाऱ्यावर आपण आयुष्यभराची कमाई मोजून देतो.

गंमत अशी की, हेच आपण इतर बाबतींत अतिशय चिकित्सक असतो. अक्षय्यतृतीयेला कुंभाराकडून माठ घेताना आपल्या घरातली म्हातारी माणसे तो उचलून बोटाने वाजवून पाहतात. खणखणीत आवाज आला तर घेतात, बद्द आवाज आला तर मुकाट्याने खाली ठेवतात. नारळ आपण कानाशी हलवून घेतो. मुलीसाठी स्थळ पाहताना तर चार गावांत चौकशी करतो. पण ज्या घरात ती मुलगी, तो माठ आणि तो नारळ या सर्वांनी राहायचे, ते घर आपण अर्ध्या तासात पाहून पसंत करतो. त्या अर्ध्या तासातही निम्मा वेळ चहाला जातो.

आता कोणी म्हणेल की, आपल्याला संभाळायला कायदा आहे. कायदा आहे हे खरे. पण तो काय म्हणतो ते नीट पाहू या. १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आजही चालू आहे. त्याच्या ५५व्या कलमात विकणाऱ्याचे पहिलेच कर्तव्य असे सांगितले आहे की, मालमत्तेत किंवा तिच्या मालकीहक्कात एखादा महत्त्वाचा दोष असेल, तो विकणाऱ्याला ठाऊक असेल, घेणाऱ्याला ठाऊक नसेल, आणि घेणाऱ्याने साधारण काळजी घेऊनही तो त्याला कळण्याजोगा नसेल, तर विकणाऱ्याने तो उघड केला पाहिजे. या वाक्याचा शेवट पुन्हा एकदा मनात घोळवा. ‘साधारण काळजी घेऊनही कळण्याजोगा नसेल तर.’ याचा उलट अर्थ काय झाला? जो दोष साधारण काळजीने कळला असता, तो सांगण्याची सक्ती विकणाऱ्यावर नाही. छतावरचा पोपडा, तिरका गेलेला तडा, जोत्याजवळचा लोणा या गोष्टी तुम्ही मान वर करून किंवा खाली वाकून पाहिल्या असत्या तर दिसल्या असत्या. तुम्ही पाहिल्या नाहीत हा विकणाऱ्याचा अपराध नव्हे. कायदा तुमचे रक्षण करतो, पण तुमच्या वतीने मान वर करून छताकडे पाहत नाही.

नव्या इमारतींच्या बाबतीत २०१६ सालच्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याला आपण सर्वजण ‘रेरा’ म्हणतो त्याने, मोठी सोय केली. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तीस दिवसांत तो पदरच्या खर्चाने दुरुस्त करून द्यावयाचा असतो. ही तरतूद फार मोलाची आहे. पण अठरा-वीस वर्षांच्या इमारतीतला फ्लॅट तुम्ही त्याच्या मालकाकडून घेता तेव्हा ती पाच वर्षे केव्हाच सरून गेलेली असतात. तेथे तुमच्याजवळ उरतात ते तुमचे दोन डोळे, आणि शहाणपण असेल तर एखाद्या जाणकाराचे आणखी दोन.

दुसरी एक समजूत याहूनही घातक आहे. ‘बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे घर चांगलेच असणार’ असे सुशिक्षित माणसेही छातीठोकपणे म्हणतात. बँक वकील पाठवते ती कागदपत्रे पाहायला. बँक मूल्यांकन करणारा पाठवते तो कशासाठी? उद्या तुम्ही हप्ते थकवलेत तर हे घर विकून बँकेची रक्कम वसूल होईल की नाही, हे पाहण्यासाठी. तो माणूस बँकेचा आहे, तुमचा नव्हे. तो क्षेत्रफळ मोजतो, आजूबाजूचा भाव पाहतो आणि जातो. तुमच्या स्वयंपाकघराच्या छतातली सळई गंजली आहे काय, हे पाहणे त्याच्या कामात धरलेले नसते. इंग्लंडात घर घेणारा माणूस स्वतःचा सर्व्हेअर नेमून त्याचा अहवाल घेतो. अमेरिकेत तर पाहणी समाधानकारक झाली नाही तर व्यवहार मोडता येईल, अशी अटच पुष्कळदा करारात घालतात. आपल्याकडे वकील असतो, दलाल असतो, बँक असते आणि भटजी असतात. फक्त घर पाहणारा कोणी नसतो. हल्ली होकायंत्र घेऊन ईशान्य कोपरा पाहणारे सल्लागार मात्र येतात. ज्याची त्याची श्रद्धा; तिच्याविषयी मला काही म्हणावयाचे नाही. माझी विनंती एवढीच, की ईशान्य कोपरा पाहून झाल्यावर त्या कोपऱ्यात उभा असलेला खांबही पाहावा.

मंडळी, हे सर्व मी शहाणपणाने सांगतो आहे असे आपल्याला वाटेल. तसे नाही. ज्या प्रसंगाने मला हे शिकवले तो सांगितल्यावाचून पुढे बोलण्याचा मला अधिकार नाही.

माझे एक आत्येभाऊ होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. शाळेत गणित शिकवून ते निवृत्त झाले आणि फंडाचे पैसे हाती आल्यावर त्यांनी घर घ्यावयाचे ठरविले. ही १९९७ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. चौथ्या मजल्यावरचा, म्हणजे अगदी वरचा फ्लॅट होता. इमारत अठरा वर्षांची. विकणारे गृहस्थ अण्णांच्या व्याह्यांच्या ओळखीचे. अण्णा मला म्हणाले, “तू इंजिनिअर आहेस, नुसता बरोबर ये.” मी गेलो. माझ्या पिशवीत नेहमीप्रमाणे एक लहानशी हातोडी होती.

घरातल्या बाईंनी कैरीचे पन्हे दिले. वहिनी तोवर देव कुठे बसवायचे, दळणाचे डबे कुठे ठेवायचे, हे मनात मांडूनही मोकळ्या झाल्या होत्या. मी स्वयंपाकघरात गेलो आणि वर पाहिले. साऱ्या घराचा रंग जुना, मळलेला. स्वयंपाकघराचे छत तेवढे ताजे पांढरे. त्या पांढऱ्यातूनही एक सरळ, रेघ मारल्यासारखी चीर दिसत होती आणि तिच्या कडेला तांबूस डाग होता. ते काय आहे हे मला त्याच क्षणी कळले. हातोडी काढून छताला दोन ठिकाणी ठोकली असती, तर बद्द आवाज त्या घरातल्या सर्वांना ऐकू आला असता. पण मी ती काढली नाही. आपण पाहुणे म्हणून आलो, व्याह्यांची मध्यस्थी, बाईंनी इतक्या अगत्याने पन्हे दिले, त्यांच्याच घरात त्यांच्या छतावर हातोडी कशी मारावी? जिना उतरताना अण्णांनी विचारले, “काय रे, कसे वाटले?” मी म्हणालो, “बरे आहे अण्णा. जुनी इमारत म्हटल्यावर थोडेफार चालायचेच.”

दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावणातल्या एका रात्री, त्या छताचा घमेल्याएवढा तुकडा खाली आला. जेवणे नुकतीच आटोपली होती. ज्या पाटावर तो पडला त्या पाटावरून अण्णांची नात हात धुवायला उठून गेली होती. पाट मधोमध दुभंगला.

पोरीला खरचटलेसुद्धा नाही, ही देवाची कृपा. पण गच्ची फोडून पाणबंद करणे, गंजलेल्या सळ्या साफ करून त्यांना नव्या सळ्यांची जोड देणे, छत पुन्हा भरणे, यात अण्णांचा उरलासुरला फंड गेला. इमारतीतल्या इतरांनी ‘गळती तुमच्या घरात, खर्चही तुमचाच’ असे सांगून हात वर केले. साठी उलटलेल्या अण्णांनी पुन्हा पहाटेच्या शिकवण्या सुरू केल्या, त्या पाच वर्षे चालविल्या. वहिनींना एकदा काशीला जायचे होते. ते राहिले ते राहिलेच. अण्णांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. मीच एकदा सारे कबूल केले, तेव्हा ते हसून म्हणाले, “अरे, तू सांगितले असतेस तरी मी ते घर घेतलेच असते.” हे खरे होते की माझे मन राखण्यासाठी ते बोलले, ते मला ठाऊक नाही. आता अण्णाही नाहीत.

‘भीड भिकेची बहीण’ असे आपले वाडवडील म्हणत. आपल्याकडे घराची पाहणी होत नाही ती अज्ञानामुळे नव्हे, तर भिडेमुळे, असे माझे मत बनले आहे. म्हणून आता घर कसे पाहावे हे सांगतो, आणि भीड कशी मोडावी तेही शेवटी सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे घराचा शत्रू ओळखा. तो भूकंप नव्हे, वादळ नव्हे, तो पाणी. काँक्रीट स्वभावाने क्षारधर्मी असते, आणि तो क्षार आतल्या सळईला गंजण्यापासून राखतो. पण हवेतला कर्बवायू वर्षानुवर्षे आत मुरत जातो तसा हा क्षार कमी होतो. त्यात गळतीचे पाणी मिळाले, किंवा कोकणपट्टीसारखी खारी हवा असली, म्हणजे सळई गंजू लागते. आता लोखंडाचा गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट अधिक जागा व्यापतो. आत जागा नाही म्हणून तो वरचे काँक्रीट फोडून बाहेर येतो. अण्णांच्या छतावरची ती सरळ चीर म्हणजे आतल्या सळईचीच रेघ होती. खांबाला किंवा तुळईला अशी सळईच्या रेषेने गेलेली उभी-आडवी चीर आणि जोडीला तांबूस डाग दिसला, तर तेथे थांबा. हातोडीने हलके ठोका. निरोगी काँक्रीट खणखणते. सुटलेले काँक्रीट फुटक्या माठासारखे बद्द वाजते. माठाची परीक्षा आणि छताची परीक्षा एकच आहे.

म्हणून घर पाहायला सुरुवात दिवाणखान्यातून करू नका, गच्चीवरून करा. गच्चीवर पाणी साचल्याचे काळे डाग आहेत काय, पाण्याच्या टाकीखाली शेवाळ आहे काय, कठड्याच्या भिंतीतून पिंपळाचे रोप डोकावते आहे काय, हे पाहा. पिंपळ पूज्य आहे, पण त्याची मुळे भिंतीतली प्रत्येक भेग शोधून काढतात. मग घरात या. न्हाणीघराच्या पाठीमागची भिंत हाताच्या तळव्याने चाचपा. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला विनंती करून त्याचे छत पाहा. तुमच्या न्हाणीघराची खरी कुंडली त्याच्या छतावर लिहिलेली असते. मोरीत दोन बादल्या पाणी ओता आणि ते कुठे धावते ते पाहा. घरातल्या मुलाची एक गोटी जमिनीवर सोडा. ती पाचही खोल्यांत एकाच बाजूला धावू लागली तर कारण विचारा. भिंतीच्या पायथ्याशी पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, दिसला तर जमिनीतली ओल वर चढते आहे असे समजा. आणि सर्वांत महत्त्वाचे: घर एकदाच पाहू नका. वैशाखात प्रत्येक घर कोरडे असते. शक्य असेल तर आषाढात पाहा. ते शक्य नसेल तर एकाच भिंतीला किंवा एकाच छताला नवा रंग का दिला, हा प्रश्न सरळ विचारा.

तडा दिसला की घाबरून जाऊ नये, आणि तडा पाहून हसूही नये. तड्यांतही जाती आहेत. गिलाव्यावर केसासारख्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या रेघा बहुधा निरुपद्रवी. विटांची भिंत आणि काँक्रीटचा खांब जेथे मिळतात तेथली उभी रेघही बहुतेक वेळा साधीच असते, कारण ते दोन पदार्थ उन्हाने सारखे फुगत नाहीत. पण खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरका, जिन्याच्या पायऱ्यांसारखा विटांमधून गेलेला तडा असेल, तर पाया कुठेतरी खचतो आहे असा संशय घ्यावा. आपल्या दख्खनच्या काळ्या मातीत हे फार घडते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया खाली मुरुमापर्यंत गेला नसेल तर घर दरसाल तिच्याबरोबर श्वास घेते. तडा जिवंत आहे की मेलेला, हे ओळखण्याची आमच्या खात्यातली जुनी युक्ती सांगतो. तड्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना गिलाव्याने चिकटवावी आणि तारीख लिहून ठेवावी. काही महिन्यांनी काच तडकली, तर तडा अजून हलतो आहे.

जुना वाडा घेणार असाल तर तुळईचे जे टोक भिंतीत शिरते तेथे दाभण टोचून पाहा. वाळवी आणि कूज तेथूनच सुरू होतात, आणि मधली तुळई अगदी राजेशाही दिसते. भिंतीच्या जाडीवर विश्वास ठेवू नका. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली, ती बव्हंशी जाडजूड दगडमातीच्या भिंती आणि मातीच्या भाराची माळवदे अंगावर पडून. जाडी होती, दगडाला दगड बांधणारे काही नव्हते. तसेच नवेपणावरही विश्वास ठेवू नका. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडला पाच मजली इमारत कोसळून सोळा माणसे मरण पावली. ती इमारत जेमतेम दशकभराची होती. खाली भिंती नसलेल्या, नुसत्या खांबांवर उभ्या इमारतीत वाहने ठेवण्याची सोय चांगली होते. पण २६ जानेवारी २००१च्या भूकंपात अहमदाबादेत अशा कित्येक इमारती त्या मोकळ्या तळमजल्याच्या खांबांतच मोडल्या. तेव्हा त्या खांबांकडे मोटार लावताना नव्हे, घर घेण्यापूर्वी पाहावे.

आपले गाव नदीकाठचे आहे, म्हणून आणखी एक सांगतो. १२ जुलै १९६१ला पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत जे झाले ते जुनी माणसे विसरलेली नाहीत. सांगली-कोल्हापूरने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीनदा पाणी घरात घेतले. पाटबंधारे खाते नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखते. निळी रेषा सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. घर या रेषांच्या कोणत्या बाजूला आहे, हे नगरपालिकेत जाऊन नकाशावर पाहा. आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा की, पाणी कुठपर्यंत आले होते. तो हात वर करून दाखवील ती रेषा नकाशावरच्या रेषेइतकीच मोलाची असते.

कागदपत्रांचा विषय वकिलांचा. त्यांच्या शेतात मी शिरत नाही. पण घराच्या प्रकृतीशी संबंध असलेले दोन कागद मात्र आवर्जून मागावेत. एक, भोगवटा प्रमाणपत्र. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे पुरी झाली आणि राहण्यास योग्य आहे, असे पालिकेने म्हटल्याचा तो पुरावा. दुसरा, संरचनात्मक तपासणीचा अहवाल. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी व्हावी, अशी अपेक्षा आहे. संस्थेच्या चिटणिसांना अहवाल मागा. ‘अहवाल आहे, दाखवतो’ म्हणाले तर उत्तम. ‘आमच्याकडे तसले काही नाही, इमारत अगदी मजबूत आहे’ म्हणाले, तर तेही एक उत्तरच आहे. त्याचबरोबर संस्थेजवळ दुरुस्तीचा निधी किती, हेही विचारावे. अण्णांच्या संस्थेजवळ तो नव्हता, म्हणून भुर्दंड एकट्यावर पडला.

हे सारे करून निर्दोष घर सापडेल काय? नाही. चौतीस वर्षांत मी निर्दोष घर पाहिले नाही. माझे स्वतःचेही तसे नाही. पाहणीचा उद्देश घर नाकारणे हा नव्हेच. दोष तीन प्रकारचे असतात. काही गवंड्याच्या चार दिवसांच्या कामाने जातात. ते खुशाल पदरात घ्यावेत. काही दुरुस्त होतात पण खर्चिक असतात. तो खर्च आधी मोजावा आणि किमतीतून वजा मागावा. आणि काही असे असतात की त्या घराला नमस्कार करून परत फिरावे. कोणता दोष कोणत्या जातीचा, हे सांगण्यासाठी जाणकार अभियंता लागतो. लागली तर तो आघाताने किंवा ध्वनिलहरींनी काँक्रीट तपासण्याची यंत्रेही आणील. त्याची फी पुष्कळ वाटते. पण वास्तुशांतीच्या जेवणावळीचा हिशेब शेजारी ठेवून पाहा, म्हणजे ती फारशी वाटणार नाही.

आता भिडेचा प्रश्न. भीड मनाच्या जोराने मोडत नाही, असा माझा अनुभव आहे. ती रीतीने मोडते. पत्रिका मागताना आपल्याला संकोच वाटतो काय? नाही, कारण ती रीत आहे. तशीच ही रीत पाडावी. विसार देण्यापूर्वीच म्हणावे, “आमच्या घरची पद्धत आहे, आम्ही घर जाणकाराला दाखवून मगच शब्द देतो.” यात समोरच्यावर अविश्वास नाही, पद्धत आहे, एवढेच. विसारपावतीत एक ओळ घालून घ्यावी की, पाहणीत मोठा दोष आढळला तर विसार परत मिळेल. प्रामाणिक विकणारा या ओळीला हरकत घेत नाही. जो घेतो, त्याने तुमचे काम सोपे केले. आणि आपण स्वतः घर विकत असू तेव्हा तीच रीत पाळावी. छताला रंग देऊन चीर झाकू नये. घेणाऱ्याला हाताला धरून तेथे नेऊन दाखवावी. उद्या त्या छताखाली कोणाची तरी नात जेवायला बसणार आहे.

माझ्यासारख्या जाणकारांनाही एक सांगणे आहे. आपल्याला कोणी ‘नुसते बरोबर चला’ म्हणतो, तेव्हा तो नुसते चला म्हणत नसतो. तो आपल्या डोळ्यांवर आपले आयुष्य ठेवीत असतो. पन्हे अवश्य घ्यावे. पण हातोडीही बाहेर काढावी. त्या दिवसानंतर मी घर पाहायला गेलो की उंबऱ्याशीच हातोडी हातात घेतो, म्हणजे मग भिडेला जागाच उरत नाही. काही घरांत लोक नाराज झाले. तीन-चार व्यवहार मोडले, त्यांतल्या एकात तर एक जुना स्नेही दुरावला. त्याचे वाईट वाटते. पण रात्री झोप लागते.

ती ही हातोडी. चिटणीसांनी पुष्पगुच्छ दिला, त्याच्याशेजारी टेबलावर ठेवली आहे. अर्ध्या शेराचीही नसेल. आपल्यापैकी कोणाला घर पाहायचे असेल, तर मी अजून जिने चढू शकतो.